गिरकीआधीची उडी

थोरल्या आणि धाकट्या जावेमध्ये थंडीपासून विस्तव जात नव्हता, आणि आज त्याच दोघींना भरल्या सभागृहात एकमेकींना धरून आपटायचं होतं. कुणी म्हणेल, भांडलेल्या जावांना याहून चांगली सोय ती कुठली? पण असं म्हणणाऱ्याला या धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. खरी कुस्ती वैऱ्याशी खेळता येते. ही तिकीट लावून दाखवायची, आधी ठरवून खेळायची कुस्ती मात्र अशाच माणसाशी खेळावी लागते, ज्याच्या हातात डोळे मिटून आपली मान देता येईल.

कंपनी घरचीच होती. सासूबाई मालकीण. कोण जिंकणार, कोण हरणार, लोकांनी कुणाला डोक्यावर घ्यायचं आणि कुणाला शिव्या घालायच्या, हे सगळं त्या ठरवत आणि वर माईक हातात धरून लोकांना सांगतही. थोरला मुलगा ट्रकमधून रिंग आणून उभी करायचा: लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, फळ्यांवर पातळ गादी, वर ताणून बांधलेलं कापड आणि चारी बाजूंनी दोर. घंटाही तोच वाजवायचा. धाकटा मुलगा पंच. आणि सुना लढायच्या. सुनांची भांडणं कुठल्या सासूला चुकली आहेत? या सासूबाईंनी त्यांना तिकीट लावलं, एवढंच.

एरवी दोघींची कामं वेगळी. थोरली एका गोदामात माल उचलायची गाडी चालवायची. उंच उंच फळ्यांवरून खोकी उतरवताना तिचा हात कधी हलला नाही असं तिथले लोक सांगायचे. धाकटी लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर हॉटेलांच्या चादरी काढायची. पण शनिवार आला की थोरली ‘महाराणी’ व्हायची, सोनेरी झालर लावलेला झगा घालून लोकांकडे बघत हात हलवायची, आणि म्हाताऱ्याकोताऱ्या बायासुद्धा तिच्यासाठी खुर्चीवर उभ्या राहायच्या.

दोघींची लढत संपायची ती गिरकीने. थोरली दोरावर पाठ टेकून, उसळी घेऊन धावत सुटायची. धाकटी रिंगच्या मधोमध पाय रोवून उभी. थोरली जवळ आली की तिला कमरेत धरायचं, डोक्यावरून गरकन फिरवायचं आणि पाठीवर आपटायचं. फळ्या धाडकन वाजायच्या आणि लोक जागेवरून उठायचे. बघणाऱ्याला वाटायचं, काय ताकद आहे या बाईच्या दंडात. खरी गोष्ट अशी की उचलणारी काही उचलत नाहीच. जी उचलली जाते तीच उडी मारते. थोरली अंगाने भरलेली. तिने पाय सोडले नसते तर धाकटीच्या सात पिढ्यांना ती जागची हलली नसती. उडी थोरलीची, ती झेलून वळवायचं काम धाकटीचं. आणि उडी मारणारीला मागचं काहीच दिसत नाही. कमरेवरच्या दोन हातांच्या भरवशावर ती पाय सोडते.

थंडीतल्या एका शनिवारी ती गिरकी चुकली. थोरली धावत आली, वर गेली, धाकटीचे हात तिच्या कमरेवरून घसरले आणि थोरली खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. ज्यांना आवाज ऐकू आला त्यांना कळलं की हा फळ्यांचा आवाज नव्हे.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. लढत संपली की पडद्यामागे दोघांनी हात मिळवायचा. त्यात काही चुकलं असेल, कुणाला लागलं असेल, तर ज्याची चूक त्याने हात पुढे करायचा नाही. त्याने वाट बघायची. दुसऱ्याने होऊन हात दिला तर मिटलं. चुकणाराच हात पुढे करू लागला तर समोरच्याला रागवायचीही सोय उरत नाही, म्हणून जुन्या लोकांनी ही रीत घालून दिली.

थोरली हात गळ्यात बांधून दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी धाकटी दारात उभी होती. हात खाली सोडून, वाट बघत. थोरलीने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे पाहिलं, आणि ती आत निघून गेली. झालं. त्या दिवसापासून दोघी एका स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून वावरू लागल्या. मीठ हवं असलं तरी मधल्या माणसामार्फत मागायचं. मधला माणूस म्हणजे पंच, धाकटीचा नवरा आणि थोरलीचा दीर. त्या बिचाऱ्याला घरी आणि रिंगमध्ये एकच नोकरी होती.

सासूबाई धंद्याच्या पक्क्या. हाड मोडल्याचं दुःख त्यांना होतंच, रात्र रात्र त्या थोरलीच्या उशाशी बसल्या. पण लोकांनी ते पडणं डोळ्यांनी पाहिलं होतं आणि लोक धाकटीवर खवळले होते, हेही त्यांनी बरोबर हेरलं. पुढच्याच शनिवारी त्यांनी धाकटीला काळे कपडे चढवले, ‘नांगी’ असं नाव दिलं आणि माईकवरून जाहीर केलं की या बाईने महाराणीला मुद्दाम पाडलं. लोकांना तेवढंच हवं होतं. लॉन्ड्रीतल्या बायकासुद्धा धाकटीकडे तिरप्या नजरेने बघू लागल्या. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. या शिव्या आपल्या हक्काच्याच आहेत असं तिला मनापासून वाटत होतं.

आज महाराणी परत येणार होती. भिंतीवर चिकटवलेल्या कागदांवर तेवढंच लिहिलं होतं आणि तेवढ्यावर सगळ्या खुर्च्या गेल्या होत्या. सासूबाईंनी निकाल ठरवला: जिंकायचं नांगीने, म्हणजे महाराणीने सूड घेतलेला बघायला लोक पुन्हा येतील. प्रश्न एकच होता. शेवट गिरकीने करायचा की साध्या पकडीने?

“ते हिचं ही ठरवेल,” सासूबाई थोरलीकडे बोट दाखवून म्हणाल्या. “हाड तिचं आहे.”

थोरलीने काहीच ठरवलं नाही. निदान कुणाला सांगितलं तरी नाही.

कपडे बदलायला त्यांना व्यायामाच्या सामानाची खोली मिळाली होती. एका बाजूला गुंडाळलेल्या गाद्या, दुसऱ्या बाजूला जाळीत भरलेले चेंडू आणि मधे दोघी जावा. थोरली आरशापुढे बसून खांद्यावर पट्टी चिकटवत होती. हात मागे पोचत नव्हता. धाकटीचे हात दोनदा पुढे झाले आणि दोनदा मागे आले.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “ताईंना विचारा, गिरकी करायची की नाही.”

पंचाने मान वळवली. थोरली हाताच्या अंतरावर होती. “वहिनी, ही विचारतेय...”

“ऐकलं मी,” थोरली म्हणाली. “बघू म्हणावं.”

“बघू म्हणतात.”

“मलाही कान आहेत,” धाकटी म्हणाली.

“मग मला कशाला ठेवलंय मधे?” पंच म्हणाला, आणि वहिनीच्या पाठीवरची पट्टी नीट चिकटवून निघून गेला.

बघू. धाकटीच्या डोक्यात तो शब्द घोंघावत राहिला. एखादी बाई दुसरीवर भरवसा ठेवते की नाही, याचं उत्तर तोंडाने खोटं देता येतं. गोड बोलता येतं, हसता येतं, जेवायला वाढता येतं. पण धावत येऊन कुणाच्या हातांवर जमीन सोडणं खोटं करता येत नाही. थोरलीने उडी मारली तर तिने माफ केलं. नाही मारली, तर धाकटीला उरलेला जन्म त्या स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून काढायचा होता, आणि तिला ते आता सोसत नव्हतं. थोरलीची तिला आठवण येत होती. एका घरात राहून, रोज बघून, आठवण येत होती.

बाहेर घंटा झाली आणि सासूबाईंचा आवाज छताला जाऊन भिडला. “आणि आता ती, जिचं नाव घेताना माझी जीभ विटाळते...”

पडदा बाजूला सारून धाकटी बाहेर आली आणि गोंगाटाने तिच्या छातीवर धक्का दिल्यासारखं झालं. लोक पाय आपटत होते. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालताना कागदी पेले येऊन तिच्या पाठीला लागत होते. पहिल्या रांगेतली एक ठेंगणी आजी छत्री उगारून उभी होती. मागून कुणीतरी ओरडलं, “आज नांगी टाकायचीस बाई तू,” आणि त्या विनोदावर निम्मं सभागृह हसलं. तिने त्या बाजूला तोंड वेंगाडून दाखवलं. अंगात रग चढत होती. हा गोंगाट एकदा कानांत शिरला की माणूस आपलं आपलं राहत नाही, मग ते प्रेमाचं ओरडणं असो की शिव्यांचं.

आणि मग दिवे मंद झाले, पडद्यात सोनेरी झालर चमकली, आणि ते आधीचं ओरडणं म्हणजे कुजबूज होती असं वाटावं असा कल्लोळ उठला. लोक रडत होते. एक दाढीवाला बाप्या खुर्चीवर चढून दोन्ही हात जोडून उभा होता. महाराणी सावकाश चालत आली, दोरांमधून वाकून आत शिरली, झगा काढला, आणि खांद्यावरची पट्टी दिसताच सगळे एकदम गप्प झाले. त्या शांततेत थोरल्या मुलाने घंटा वाजवली.

दोघी एकमेकींना भिडल्या. मान मानेला, हात खांद्याला. महिनेच्या महिने लोटल्यावर पहिल्यांदाच थोरलीचं तोंड धाकटीच्या कानाशी होतं.

“श्वास घे,” थोरली ओठ न हलवता म्हणाली. “लाकूड झालीयेस नुसती.”

धाकटीने श्वास घेतला. पुढच्या क्षणी थोरलीने तिला दोरावर भिरकावलं. ती उसळून परत आली, थोरली वाकली, ती तिच्या पाठीवरून पलीकडे गेली, उठली, वळली, आणि थोरलीचा पंजा तिच्या छातीवर असा फाडकन बसला की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. सभागृहाने एका तोंडाने ‘हो’ म्हटलं. अजून एक. ‘हो.’ अजून एक. छाती लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि धाकटीला हसूच यायला लागलं, कारण थोरलीचा हात तोच होता, तसाच नेमका पडणारा, लागतो कमी आणि वाजतो जास्त. दोघींची पावलं आपापसांत बोलायला लागली होती. तोंडांचंच काय ते अडलं होतं.

मग नांगीची पाळी आली. नांगी डोळ्यांत बोटं घालायची, केस ओढायची, पंचाची पाठ वळली की चावायची. हे सगळं तिने केलं आणि आजीची छत्री दोरांमधून आत आली. पण लोक वाट बघत होते ती वेगळ्याच गोष्टीची. दुष्ट बाई असेल तर ती मोडक्या खांद्यालाच हात घालणार, हे लहान पोराला कळतं. आणि धाकटीला तेच जमेना. तिने थोरलीला खाली पाडलं, पाठीवर गुडघा टेकवला, हात धरला, आणि तो नुसता धरून राहिली. लोकांच्या ओरडण्यात खंड पडला. कुणीतरी खोकलं.

“काय कुरवाळतेस?” खालून थोरली म्हणाली. “लोक झोपतील. पिळ हात.”

“ताई, खांदा...”

“खांदा माझा आहे. पिळ.”

धाकटीने हात मागे वळवला. वळवला म्हणजे काय, आपल्या मनगटांवर सगळा ताण घेतला, दात विचकले, मानेच्या शिरा फुगवल्या, आणि थोरलीचा खांदा कापसात ठेवल्यासारखा सांभाळला. थोरलीने अशी किंकाळी फोडली की दाढीवाल्याने कपाळाला हात लावला. सभागृह पेटलं. पंच धावत येऊन गुडघ्यांवर बसला आणि नियमाप्रमाणे त्याने मोठ्याने विचारलं, “हार मानता?”

आणि त्याच वेळी, काही ठरवलं नसताना, धाकटीच्या तोंडून निघून गेलं. “माझ्यावर रागावलात ना?”

“नाही!” थोरली ओरडली.

सभागृह आनंदाने उसळलं. महाराणी हार मानत नव्हती. पंच एकदा वहिनीकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. हे उत्तर कुणाच्या प्रश्नाला आलं ते त्यालाही कळेना.

“मग घरी आलात त्या दिवशी हात का नाही दिलात?” धाकटीने हात आणखी पिळल्याचं सोंग केलं. “दारात उभी होते मी.”

“मी कशी देणार?” थोरली गादीत तोंड खुपसून बोलत होती. “चूक माझी. तू देशील म्हणून मी थांबले. तू नाही दिलास.”

“तुमची?”

“पाऊल बाकी असताना उडी मारली मी. तुझे हात अजून यायचेच होते.”

“घामाने घसरले माझे हात, ताई. माझंच चुकलं.”

“अगं मला कळत नाही का माझी उडी? मीच आधी मारली.”

“नाही हो, मी...”

“तुम्ही दोघी,” पंच दातांवर दात ठेवून म्हणाला, “हे आत्ता ठरवणार आहात का? लोक बघतायत.” आणि मोठ्याने, “हार मानता?”

“नाही!”

इतके महिने. धाकटीला एकदम सगळं दिसलं. दारात थोरलीने तिच्या हाताकडे पाहिलं होतं ते तिरस्काराने नव्हे. तो हात पुढे येतोय का, हे ती बघत होती. दोघी आपापला हात खाली धरून, दुसरीने माफ करावं म्हणून वाट बघत राहिल्या, आणि त्या वाट बघण्यालाच घरादाराने भांडण म्हटलं. शहाण्या माणसांनी घालून दिलेली रीत, दोन शहाण्या बायकांनी शहाण्यासारखी पाळली, आणि अख्ख्या घराचं वाटोळं व्हायची वेळ आली. तिला हसावं की रडावं कळेना. तिने थोरलीच्या पाठीवर आणखी जोरात गुडघा दाबला, कारण लोक बघत होते.

“ऐक,” थोरली म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. “गिरकी करायचीय मला. म्हणूनच बघू म्हटलं. पण उडी येत नाही गं. रिकाम्या रिंगमध्ये पुन्हा पुन्हा धावून पाहिलं. मधे पोचले की पाय जमीन सोडत नाहीत. कुणाला बोलले नाही.”

गोदामात उंचच उंच फळ्यांखाली उभी राहून न बिचकणारी ही बाई. ट्रकमध्ये काहीतरी शोधायचंय असं सांगून थोरली महिनाभर संध्याकाळी कुठे जात होती, ते धाकटीला आता कळलं.

“मग साधी पकड करू,” ती म्हणाली. “ताई, खरंच. कुणाला काही कळणार नाही.”

“मला कळेल,” थोरली म्हणाली. “आता सोड. मला मारायचंय तुला.”

आणि तिने मारलं. काय मारलं. हात सोडवून ती उठली आणि सभागृहाने श्वास रोखला. तिने खांदा झटकला आणि सभागृहाने तो सोडला. पंजा, कोपर, पुन्हा पंजा. नांगी कोपऱ्यात गेली, नांगी हात जोडू लागली, नांगी पंचाच्या पाठीमागे लपली आणि पंचाला ढकलून महाराणीने तिला केसांनी बाहेर काढलं. एक उचल, एक आपट, फळ्या धाडधाड वाजल्या. खाली सासूबाई माईकवर काय बोलत होत्या ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं. नुसता ‘महाराणी, महाराणी’ असा घोष चालला होता आणि लोक तो उचलून परत फेकत होते. धाकटी प्रत्येक आपटीला उसळत होती, कळवळत होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट नाचत होती. रागावलेली नव्हती. ती रागावलेली नव्हतीच.

ठरल्याप्रमाणे नांगीने शेवटचा डाव साधला. धावत आलेल्या महाराणीला तिने पोटात गुडघा मारला, उचलून दोरांच्या दिशेने ढकललं, आणि आपण रिंगच्या मधोमध येऊन उभी राहिली. लोकांनी ती जागा ओळखली. ते पाय रोवणं त्यांनी थंडीत पाहिलं होतं. सभागृहातून एक लांबलचक ‘नको’ निघाला. आजी छत्री विसरून तोंडावर हात धरून बसली. सासूबाईंनी माईक खाली केला. घंटेपाशी बसलेला थोरला मुलगा उभा राहिला.

पंच बाजूने जाताना पुटपुटला, “वहिनी काय म्हणाल्या?”

“काही नाही.”

“मग?”

“बाजूला व्हा.”

थोरली दोराला पाठ लावून उभी होती. धापा टाकत होती, आणि त्यातल्या सगळ्या धापा खोट्या नव्हत्या. धाकटीने हाताचे तळवे काळ्या कपड्यांना पुसले. एकदा, पुन्हा एकदा. मग ते पुढे धरले आणि पहिल्यांदाच लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, नांगीच्या खुनशी आवाजात ती म्हणाली, “ये.”

लोकांना तो माज वाटला. त्यांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या दिल्या. थोरलीने डोळे तिच्यावर लावले.

आणि ती धावली. दोराने तिला पुढे फेकलं, फळ्या दणदणल्या. अर्धी वाट. धाकटीने पाहिलं, तिचं पाऊल जड पडलं. पुढचं त्याहून जड. थांबते. थांबणार ही. पण धाकटीने हात मागे घेतले नाहीत. एक पाऊल पुढे टाकून तिने ते थोरलीच्या कमरेवर घट्ट बसवले, वेळेच्या आधीच, थोरली अजून जमिनीवर असताना. असं कुणी करत नाही. असं केलं तर उसळी मरते आणि वजन आपल्या अंगावर येतं. पण आता थोरलीला आंधळेपणाने उडी मारायची नव्हती. हात आधीच तिथे होते.

थोरलीने पाय सोडले.

वजन आलं. बाप रे, काय वजन आलं. धाकटीचे गुडघे कुरकुरले, पाठीतून कळ निघाली, डोळ्यांसमोर काजवे चमकले. पण थोरली वर होती. दिव्यांच्या उजेडात, सगळ्यांच्या डोक्यांवर, पाय आकाशात, होती. धाकटी गर्रकन वळली, तिला छातीशी धरून वळली, आणि दोघींची मिळून एकच पाठ असावी तशी फळ्यांवर आदळली.

धाडकन.

नुसत्या फळ्या थरथरत होत्या. धाकटी वळून थोरलीवर आडवी पडली, खांदे गादीला टेकवले. पंच पोटावर झोपून तीनपर्यंत मोजू लागला. एक. हात खाली आला. दोन. तिसऱ्यांदा त्याने हात वर नेला आणि तो वरच राहिला. वहिनी डोळे मिटून पडली होती. तोंड उघडं, मान एका बाजूला, हालचाल नाही. थंडीतही ती अशीच पडली होती.

“वहिनी?” तो म्हणाला. “वहिनी, बोला काहीतरी.”

धाकटी तिच्या तोंडावर वाकली.

“मोजा ना भावजी,” मिटल्या डोळ्यांनी थोरली पुटपुटली. “झोपून झोपून कंटाळा आला मला.”

तीन.

घंटा वाजली आणि सभागृह कोसळलं. कागदी पेले, टोप्या, एक चप्पल. छत्री शेवटी आलीच, सरळ रिंगमध्ये. महाराणी हरली होती, त्याच डावाने, त्याच बाईकडून. आता खरी अडचण होती ती धाकटीची. तिला थोरलीला उठवून मिठी मारायची होती, पोटभर रडायचं होतं, आणि जिंकलेल्या दुष्ट बाईला यांतलं काही म्हणजे काही करता येत नाही. ती तशीच थिजून उभी राहिली. खालचा ओठ थरथरायला लागला.

“पाय ठेव माझ्यावर,” खालून हळूच आवाज आला.

तिने थोरलीच्या पोटावर पाय ठेवला.

“रडायला लागलीस तर घरी बघते तुला. हस.”

“येत नाहीये, ताई.”

“बरं. मग ऐक. इतके महिने माझ्या चहात साखर कमी पडत होती, ती मुद्दाम ना?”

धाकटीने खाली पाहिलं. महाराणी मेल्यासारखी पडली होती. फक्त डाव्या डोळ्याची फट किंचित उघडी होती आणि त्या फटीतून ती तिच्याकडे बघत होती. मग धाकटीला हसू फुटलं. पोटातून आलं, आवरेना, मान मागे टाकून, कमरेवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी वाहीपर्यंत ती हसत सुटली. इतकं निर्लज्ज, इतकं खुनशी हसणं त्या सभागृहाने आजवर ऐकलं नव्हतं. दाढीवाल्याला तिघांनी धरून ठेवलं. आजी म्हणाली, “किती आनंद झालाय बघा त्या मेलीला.”